नायिकेला तलवार दिली, पण तिच्या मैत्रिणी कुठे गेल्या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कथा-दंतकथांवर नव्याने लिहिलेल्या फँटसी कादंबऱ्यांबद्दल लेख आला होता. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की हल्ली जो उठतो तो रामायण-महाभारत नाहीतर कुठली तरी दंतकथा घेतो, त्यातल्या बाईच्या हातात तलवार देतो, तिला चार राक्षस मारायला लावतो आणि पुस्तक खपवतो, आणि यामुळे मूळ कथांची मोडतोड होते, पोरापोरींना खरं काय ते कळतच नाही. लेख कळकळीने लिहिलेला होता म्हणून मी पण तितक्याच कळकळीने उत्तर लिहितेय. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात वाचनालय सांभाळते, ही पुस्तकं रोज माझ्या हातून जातात-येतात, कोण नेतं, कोण अर्धवट वाचून परत आणतं, कोण त्याचा पुढचा भाग आला का म्हणून चार वेळा विचारून जातं हे सगळं मला माहीत असतं, तेव्हा या विषयावर मला बोलायलाच पाहिजे असं वाटलं.

पहिलं म्हणजे ही पुस्तकं नेतात कोण? अकरावी-बारावीच्या मुली, नर्सिंगचा कोर्स करणाऱ्या, लग्न ठरलेल्या, काही तर सासरहून माहेरी आल्या की पिशवी घरात टाकून आधी वाचनालयात येतात. एका कार्डावर एक पुस्तक जातं आणि ते अख्ख्या गल्लीत फिरून येतं, कोपरे दुमडलेले, मध्येच हळदीचं बोट लागलेलं. ज्यांच्याकडे मोबाईल आहे त्या मोबाईलवर पण वाचतात, कथांच्या अ‍ॅपवर रोज एक एक भाग येतो तो. 2024 च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर मी स्वतः बघितलं, कॉलेजच्या पोरी घोळक्याने येत होत्या आणि कव्हरवर धनुष्य घेतलेली बाई दिसली की हात तिकडेच जात होता. अशा वेळी त्यांना "हे वाचू नका, हे खोटं आहे" सांगणं मला तरी जमणार नाही. वाचणारी पोरगी दिसली की मला आनंद होतो, ती काय वाचते हा पुढचा प्रश्न.

आता मोडतोडीबद्दल. मूळ कथा म्हणजे कुठली मूळ? शकुंतला घ्या. शकुंतला म्हटलं की सगळ्यांना अंगठी आठवते, दुर्वासांचा शाप आठवतो, मासा आठवतो. महाभारतात आदिपर्वात जी शकुंतला आहे ना, तिच्या कथेत अंगठीच नाही, शापही नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवतंय आणि तो भर दरबारात तिला सरळ ओळख देत नाही, आणि ही बाई पोराला घेऊन त्याच्यासमोर उभी राहते आणि त्याला असं काही सुनावते की वाचताना अंगावर काटा येतो, दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असून दिसत नाहीत असं ती राजाला तोंडावर म्हणते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा राजा कबूल करतो की मला माहीत होतं. नंतर कालिदासाने नाटक लिहिलं तेव्हा त्याने शाप आणला, अंगठी आणली, राजाचा दोष शापावर गेला आणि शकुंतला हळवी झाली. म्हणजे मोडतोड म्हणायची तर ती कालिदासापासून चालू आहे, आणि त्याला आपण मोडतोड म्हणत नाही, बरोबरच आहे, म्हणूही नये.

तलवारीचं म्हणाल तर ते सुद्धा आजचं नाही. अद्भुत रामायणात सहस्रमुखी रावण आहे, त्याला रामाने नाही, सीतेने कालीचं रूप घेऊन मारलंय. बंगालमध्ये सोळाव्या शतकात चंद्रावती नावाच्या कवयित्रीने रामायण लिहिलं ते सीतेच्या बाजूने. आणि आपल्या मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा, तेराव्या शतकात रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंसमोर तिने धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, गायले ते कशावर, तर रुक्मिणीच्या लग्नावर. जी पोरगी मला हा नवरा नको म्हणून स्वतः निरोप धाडते तिची गोष्ट. म्हणजे मराठीत बाईने कविता करायला घेतली तेव्हाच तिने एक जुनी कथा उचलली आणि नायिका मध्यभागी ठेवून ती परत सांगितली. जात्यावरच्या सीतेच्या ओव्या तर विचारूच नका, माझ्या आजीची सीता वनवासात जाताना काय काय बोलते ते कुठल्याच पोथीत सापडणार नाही. त्यामुळे पुरवणीतल्या लेखकांना माझं नम्रपणे सांगणं आहे की कथा बदलली म्हणून रागवू नका, कथा बदलायचा हक्क आपल्या आज्यांनी कुणाला न विचारता वापरलाय.

पण माझी पण एक तक्रार आहे आणि ती वेगळी आहे, त्यासाठीच हे पत्र.

मागे एक मुलगी असंच एक जाडजूड पुस्तक परत करायला आली. तिला आवडलं होतं, रात्री जागून वाचलं म्हणाली. मी रजिस्टरमध्ये नोंद करत होते तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, हिले एक बी मैतरीन नही का वं?" मी म्हटलं कुणाला, तर म्हणे त्या नायिकेला. मग मी ते पुस्तक आणि आणखी काही पुस्तकं याच नजरेने परत चाळली, आणि त्या पोरीचं खरं होतं. नायिकेची आई पहिल्या प्रकरणात मेलेली असते. बहीण असलीच तर जळकुटी. सासू नाहीतर सावत्र आई ही दुष्टच. दासी असते ती नायिकेसाठी प्राण देते आणि संपते, नाहीतर फितूर होते. दुसरी राणी म्हणजे कारस्थानी. नायिकेला विद्या शिकवणारा गुरू पुरुष, तिला ओळखणारा प्रियकर पुरुष, तिचा घोडासुद्धा घोडाच, घोडी नाही. आणि गावातल्या बाकीच्या बाया? त्या पाणवठ्यावर कुचाळक्या करत बसलेल्या असतात, आणि नायिका त्यांच्याकडे बघून मनात म्हणते की मला यांच्यासारखं व्हायचं नाही. ती "वेगळी" आहे हे सांगायला लेखकाला बाकीच्या सगळ्या बायांना बावळट करावं लागतं.

आता ही पुस्तकं वाचणारी पोरगी कोण आहे हे मी वर सांगितलंच. ती नळावर पाण्याला उभी राहते, दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर कापूस वेचायला जाते. ज्या बायांना पुस्तकात बावळट म्हटलंय त्यांच्यात तिची आई आहे, काकू आहे, ती स्वतः आहे. आणि ज्यांनी कापसाची वेचणी बघितलीय त्यांना माहीत आहे की तिथे बाया काय करतात. किलोमागे भाव काय घ्यायचा हे शेतावर जायच्या आधी ओट्यावर ठरतं, एक बाई सगळ्यांच्या वतीने मालकाशी बोलते, मालक म्हणाला शेजारच्या गावातून बाया आणतो तर ती हसून म्हणते आणा, कारण शेजारच्या गावात तिची नणंद आहे आणि तिथे आदल्या रात्रीच निरोप गेलेला असतो. आमच्याकडची जबर बाई ही अशी असते. ती एकटी कधीच नसते, एकटी पडली तर तिला कुणी भाव देणार नाही हे तिला पक्कं माहीत असतं. हे सगळं कुठल्याही फँटसीत घालण्यासारखं आहे, राजवाडा असो की राक्षसांची गुहा, पण हे बघायला लेखकाला पाणवठ्यावर थांबायला पाहिजे ना, तिथूनच तर नायिका नाक मुरडून पुढे जाते.

पुन्हा शकुंतलेकडे येते, कारण त्यात माझं म्हणणं सगळं आहे. कालिदासाने तिची ती दरबारातली जीभ काढून घेतली हे खरं, पण त्याने तिला दिलं काय ते पण बघा. अनसूया आणि प्रियंवदा दिल्या. महाभारतात तिला मैत्रिणी नाहीत, कण्वांच्या आश्रमात ती एकटीच आहे. नाटकात मात्र दुर्वास शाप देऊन निघतात तेव्हा शकुंतलेला पत्ताच नसतो, ती आपल्या तंद्रीत, आणि धावते कोण तर प्रियंवदा, त्या तापट ऋषीच्या पाया पडून उःशाप घेऊन येते, आणि मग दोघी मिळून ठरवतात की हिला सांगायचं नाही, हिला सहन होणार नाही. हे मैत्रिणींनाच सुचतं. अंगठीचा उपाय निघाला तो नायिकेमुळे नाही, मैत्रिणींमुळे. आजच्या लेखकांना माझं एवढंच मागणं आहे की महाभारतातल्या शकुंतलेची जीभ घ्या आणि कालिदासाच्या शकुंतलेच्या मैत्रिणी घ्या, दोन्ही एकाच बाईला द्या. आणि वर तलवार द्यायची तर खुशाल द्या.

खान्देशात तर या गोष्टीसाठी कुठे लांब जायलाच नको. आमच्या देव्यासुद्धा एकट्या बसत नाहीत. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई बसते, रोट असतात, भाऊबंदकी गोळा होते, रात्रभर बाया गाणी म्हणतात, फुगड्या घालतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. एकटी बाई कानबाई बसवून दाखवू शकेल का? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई येते, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावरच्या गाण्यांत सासरचा सगळा हिशोब मांडतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, आमच्याकडे काही ठिकाणी गुलाबाई म्हणतात, शंकर-पार्वतीची मातीची जोडी मांडायची आणि पोरींनी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरायचं, शेवटी डबा हलवून आत खाऊ काय आहे ते ओळखायचं. त्यामागची गोष्ट पण किती छान आहे, सारीपाटात शंकर पार्वतीकडून हरले आणि रुसून रानात जाऊन बसले, मग पार्वती भिल्लीण होऊन गेली आणि त्यांना परत घेऊन आली. खेळात नवऱ्याला हरवणारी, मग वेष बदलून रानात शिरणारी देवी, फँटसीला अजून काय पाहिजे? आणि ही गोष्ट आमच्यापर्यंत आली ती कुणा एका कवीमुळे नाही, दरवर्षी पोरींच्या घोळक्याने ती गात फिरवली म्हणून आली.

एरंडोलचं उदाहरण देते. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी असं इकडे मानतात, बकासुर इथेच मारला म्हणतात, लहानपणापासून भीम गाडाभर अन्न खातो ती गोष्ट आम्ही ऐकतोच. पण ही गोष्ट मूळ महाभारतात नीट वाचून बघा, भीम येण्याआधी त्या ब्राह्मणाच्या घरात काय होतं ते. बकासुराकडे जायची पाळी त्या घराची आलीय. ब्राह्मण म्हणतो मी जातो. बायको म्हणते नाही, तुम्हाला मुलगा झाला, मुलगी झाली, माझं काम झालं, मी जाते, आणि बाईला मारू नये असं शास्त्र आहे तर कदाचित तो मला सोडून पण देईल. म्हणजे मरायच्या वेळी सुद्धा ती बाई अंदाज बांधतेय, राक्षसाच्या स्वभावाचा हिशोब करतेय. मग मुलगी बोलते. ती म्हणते मला तर एक दिवस तुम्ही घरातून देऊनच टाकणार आहात, मग आत्ताच द्या आणि बाकीच्यांना वाचवा. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं. आणि सगळ्यात लहान पोरगा हातात गवताची काडी घेऊन हसत म्हणतो, मी ह्याने राक्षसाला मारतो.

आणि हे सगळं दाराशी उभी राहून कोण ऐकतंय? कुंती. भीम घरात आहे, पण रडण्याचा आवाज ऐकून उठून बघायला जाते ती कुंती. निर्णय तिचा, माझ्या पाच मुलांपैकी एक जाईल. युधिष्ठिर नंतर येऊन आईवर चिडतो की तू असं कसं कबूल केलंस, तेव्हा ती त्याला समजावते, या घराने आपल्याला आसरा दिला त्याची परतफेड करायची आहे, आणि भीमाची ताकद मला माहीत आहे, लहानपणी माझ्या मांडीवरून खडकावर पडला तर खडक फुटला होता. आता सांगा, एका घरात तीन बाया, त्यातली एक राजमाता असून लपून राहतेय, एक मरायला तयार असलेली आई, आणि एक मुलगी जिला महाभारतात नावसुद्धा नाही. कुणीतरी तिला नाव द्या ना. बकासुर मेल्यावर त्या पोरीचं काय झालं? पांडव पुढे पांचाळाकडे निघाले, ती तिथेच राहिली, राक्षस नसलेल्या गावात. आई-बाप तिला आता देऊन टाकणार का? कुंतीने जाताना तिला काय सांगितलं असेल? यावर तीन भागांची कादंबरी होईल, आणि आमच्या वाचनालयात ती कपाटात राहणार नाही एवढं मी लिहून देते.

तशीच मुक्ताबाई. तापीकाठी मेहूणला ती विजेच्या लोळात गुप्त झाली असं मानतात, साल 1297 चं सांगतात, वय जेमतेम अठरा. कोथळी-मुक्ताईनगरहून तिची पालखी पंढरपूरला जाते आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून सापाचा चाबूक घेऊन आलेला योगी आणि त्याची गुरू एक कोवळी पोरगी, हे तर आजच्या कुठल्याही कादंबरीच्या वरताण आहे. पण मला तिची दुसरीच गोष्ट जास्त आवडते, मांड्यांची. आळंदीत या भावंडांचा राग करणाऱ्या विसोबांनी कुंभारांना सांगून तिला खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. ही गोष्ट सगळा महाराष्ट्र ऐकतो पण खान्देशातली बाई ती वेगळी ऐकते, कारण आमच्याकडे खापरावरचे मांडे अजून होतात. पालथं खापर चुलीवर किती तापतं, हातावर पुरणाचा मांडा कोपरापर्यंत फिरवत फिरवत मोठा करताना खांदे कसे भरून येतात, आणि तो टाकताना एक क्षण चुकला तर बोटं भाजतात, हे ज्या बाईने केलंय तिला त्या पाठीचा अर्थ नीट कळतो. आणि मांडे एकटीने होत नाहीत. एक जण पुरण भरून देते, एक मांडा घडवते, एक खाली जाळ बघते. म्हणून मला नेहमी वाटतं की कुणीतरी मुक्ताबाईवर लिहिताना आळंदीतली एखादी शेजारीण पण आणावी, गावाने वाळीत टाकलेलं असताना गुपचूप मागच्या दाराने पीठ आणून देणारी. गोष्टीत तशी बाई नाही, मला माहीत आहे. पण असायला हरकत काय आहे? "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" म्हणून मोठ्या भावाची समजूत काढणाऱ्या पोरीला एखादी मैत्रीण असेलच की.

चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे, तिथे भास्कराचार्यांचं नाव घेतलं जातं, त्यांचा नातू चांगदेव (हा चांगदेव वेगळा) याने 1207 मध्ये तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा लीलावती हा ग्रंथ 1150 चा आणि लीलावती ही त्यांची मुलगी ही जी दंतकथा आपण सगळे सांगतो ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं त्यात येते. लग्नाचा मुहूर्त बघायला घटिकापात्र, म्हणजे वेळ मोजायचं पाण्यातलं भांडं, ठेवलेलं, पोरगी कुतूहलाने वाकून बघायला गेली, तिच्या कपड्यावरचा मोती त्यात पडला आणि पाणी शिरायचं भोक बुजलं, मुहूर्त टळला. आता मला सांगा, लग्नघरात नवरी कधी एकटी असते का? हळद लागलेली, करवल्या भोवती, मावश्या आत-बाहेर, कुणीतरी सारखं केसांना हात लावतंय. मग ती त्या पात्रापर्यंत गेली कशी, कुणी जाऊ दिली, की कुणी मुद्दाम जाऊ दिली? मोती पडला की टाकला? इथून कथा किती वाटांनी जाऊ शकते. ग्रंथात तर बाप तिला "अये बाले लीलावति" म्हणून हाक मारून गणितं घालतो, हुशार म्हणतो. त्या हुशार पोरीची एखादी करवली तितकीच हुशार असेल, दोघींनी मिळून ते भोक बुजवलं असेल, असं कुणी लिहिलं तर मी त्याला मोडतोड म्हणणार नाही, मी त्याच्या दोन प्रती मागवीन.

एका बाबतीत मात्र सांभाळून लिहा असं सांगावंसं वाटतं. सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांची याहामोगी, देवमोगरा माता, तिची महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला मोठी जत्रा असते, नंदुरबारकडून माणसं जातात, टोपल्यांत धान्य घेऊन जातात, कारण ती धान्याची आई आहे. ही गोष्ट अजून श्रद्धेने जिवंत आहे. शहरातल्या कुणी तिचं नुसतं नाव उचलून तिला जंगलातली जादूगारीण करून टाकलं तर ते मला चालणार नाही, आणि तिथल्या लोकांना तर नाहीच नाही. भिल्ल, पावरा समाजातल्या मुली आता शिकतायत, लिहितायत, त्यांना विचारा, त्यांनाच लिहू द्या, त्यांच्या नावाने छापा.

भाषेबद्दल पण थोडं बोलते. बरीचशी ही पुस्तकं इंग्रजीतून मराठीत आलेली असतात, आणि नायिका बोलते ती अशा मराठीत की जशी कुणीच बोलत नाही, "हे नराधमा, आता तुझा अंत समीप आला" असं. रागावलेली बाई आमच्याकडे असं बोलत नाही. आमच्याकडे शेतकरी घरातल्या, शाळेचं तोंड न बघितलेल्या बहिणाबाई चौधरींनी घरच्या बोलीत माणसाच्या मनावर, संसारावर, देवावर जे सांगितलं ते 1952 मध्ये पुस्तक निघाल्यावर सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, तेव्हा खान्देशी बोलीत नायिका बोलली तर वाचकांना कळणार नाही ही भीती कशाला? कळतं सगळं. एखादी राजकन्या आपल्या सखीला "काय वं माय" म्हणाली तर माझ्या वाचनालयातल्या पोरी ते पान फोटो काढून एकमेकींना पाठवतील.

आता आपल्याला विनंती. आपल्या पुरवणीत अशा पुस्तकांवर टीका जरूर छापा, पण टीका करणाऱ्यांना सांगा की नायिकेने कपडे काय घातले आणि किती राक्षस मारले एवढंच मोजू नका, तिच्या आजूबाजूला बाया किती आहेत, त्यांना नावं आहेत का, त्या एकमेकींशी काय बोलतात ते पण बघा. आणि दुसरं, आपल्या खान्देश आवृत्तीत एक सदर सुरू करा, महिन्यातून दोनदा अर्धं पान दिलं तरी चालेल. गावोगावच्या बायांना सांगा की कानबाईच्या, भुलाबाईच्या, तापी-पांझरा-गिरणाकाठच्या ज्या गोष्टी तुम्ही ऐकल्यात त्या पाठवा, लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या, आणि नातीला त्यात बदल करायचा असेल तर तिला करू द्या, दोघींची नावं छापा. गोष्टी गोळा करायचं काम आमचं वाचनालय करेल, आमच्याकडे येणाऱ्या मुलींनी तशी तयारी दाखवलीय, आजूबाजूच्या गावांतल्या वाचनालयांशी पण मी बोललेय. टायपिंग आम्ही करून देऊ. फक्त भुलाबाई बसायच्या आत निर्णय कळवा, म्हणजे त्या महिन्यात पोरी घरोघर फिरतीलच, तेव्हाच वह्या घेऊन निघतील.

आपली,
वाचनालय चालवणारी एक वाचक
ता. अमळनेर, जि. जळगाव